मधल्या वयातले मास्तर

धामणगाव रेल्वेसारख्या गावात गाणे शिकवून घर चालवणाऱ्या माणसाला सरकारकडून काही मिळवायचे असेल, तर त्याने पंचविशीच्या आत तरी असावे किंवा पन्नाशी तरी ओलांडावी. पंचविशीच्या आत तो शिष्य असतो, पन्नाशीनंतर ज्येष्ठ कलावंत होतो. मधली पंचवीस वर्षे, म्हणजे ज्या काळात तो खरोखर शिकवत असतो ती, कुठल्याच अर्जाच्या रकान्यात नीट बसत नाहीत. संगीताच्या नावाने चालणाऱ्या योजना एकत्र मांडून पाहिल्या की पहिल्यांदा हेच डोळ्यांत भरते. योजना बऱ्याच आहेत, पण शिक्षकाला शिक्षक म्हणून ओळखणारी त्यांत जवळजवळ नाही.

स्वतंत्र संगीत शिक्षक म्हणजे ज्याचे नाव शाळेच्या वेतनपत्रकात नाही, तरी ज्याच्या घरी रोज संध्याकाळी सात-आठ मुले सतरंजीवर बसून अलंकार घोकतात तो. वर्धा ते बडनेरा या लोहमार्गावर पुलगाव, धामणगाव, चांदूर रेल्वे अशी जी कापसाची गावे लागतात, तिथले बहुतेक संगीत शिक्षण अशा लोकांनीच चालवलेले आहे. त्यांत बायका पुष्कळ. लग्न होऊन गावात आलेली विशारद सून दुपारची कामे आटोपून चार ते सहा पेटीवर बसते आणि तिच्या या दोन तासांना घरात कुणी कमाई म्हणून फारसे मोजत नाही.

कमाईचे गणित उदाहरणाने पाहू. समजा, एखाद्याकडे तीस मुले आहेत आणि फी महिन्याला ४०० रुपये. कागदावर १२ हजार होतात. पण मे महिना सुट्टीचा. जूनमध्ये घरातला पैसा बियाण्यात आणि वह्यापुस्तकांत जातो. सहामाही-वार्षिक परीक्षांच्या दिवसांत मुले येत नाहीत, आणि न आलेल्या महिन्याची फी मागायची आपल्याकडे रीत नाही. 'कापूस इकला का देतो, मास्तर' हे वाक्य न ऐकलेला शिकवणीवाला वऱ्हाडात सापडायचा नाही. शेतात वेचणीआधीची सीतादहीची पूजा होऊन पहिला वेचा घरी आला की थकलेली फी हळूहळू येऊ लागते, आणि त्या साली भाव पडलेला असला तर तीही अर्धीच. उलट खर्च ऋतू पाहत नाही. पावसाळ्यात तबल्याची पुडी उतरते, पेटीचा भाता फाटतो, आणि चांगला दुरुस्तीवाला हवा तर अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते.

या भागात आणखी एक गोष्ट आहे, जी पुण्या-मुंबईच्या शिक्षकाला लवकर कळणार नाही. गुरुकुंज मोझरी इथून जवळच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये तिथे आश्रम उभारला आणि त्यांच्या खंजिरीने अमरावती जिल्ह्यातल्या गावोगावी सामुदायिक प्रार्थना आणि भजन पोहोचवले. गुरुदेव सेवा मंडळांत आणि उन्हाळी संस्कार शिबिरांत मुले ताल धरायला शिकतात ते पैसे न देता. वऱ्हाडाच्या कानावर सूर पडला तो बहुतांशी या वाटेने, आणि त्याचे मोल करणे अवघड आहे. पण त्यातूनच गाणे ही सेवा आहे आणि सेवेचे पैसे मागायचे नसतात, अशी समजूतही पक्की झाली. ज्या मास्तरांनी मंडळात वर्षभर फुकट पेटी वाजवली, त्यांनी घरच्या वर्गाची फी वाढवली की कुजबुज होते. मला तर वाटते, इथे फीचा प्रश्न पैशाच्या आधी संकोचाचा आहे.

संकोच नवा नाही, आणि तो मोडू पाहणाऱ्याचे काय झाले हेही संगीताच्या इतिहासात लिहिलेले आहे. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते कुठल्या संस्थानिकाच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर, जलशांच्या तिकिटांवर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर. बडोद्यात मौलाबक्षांची शाळा त्याआधी होती, पण तिला गायकवाडांचा आधार होता. पलुसकरांनी १९०८ मध्ये मुंबईला शाखा काढली, इमारत उभी केली, त्यासाठी कर्ज घेतले, आणि १९२४ मध्ये ती इमारत कर्जापायी लिलावात गेली. संगीत शिक्षकाला समाजात मान मिळवून देणाऱ्या माणसाला आपल्या शाळेचे छप्पर मात्र राखता आले नाही. त्यांनी केलेली दुसरी गोष्ट टिकली. तिचे नाव उपदेशक वर्ग. निवडलेले विद्यार्थी नऊ वर्षे सांभाळायचे, त्यांचे खाणेपिणे करायचे, आणि मग त्यांना गावोगावी शिकवायला पाठवायचे. संगीत शिक्षक घडवण्यासाठी आपल्याकडे पद्धतशीर पैसा आणि वेळ खर्ची पडला तो त्या वर्गात. इतक्या वर्षांत तसा दुसरा प्रयत्न या तोडीचा झालेला मला दिसत नाही.

पलुसकर १९३१ मध्ये गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अहमदाबादला अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज धामणगावातल्या शिक्षकाला व्यावसायिक आधार म्हणून जे काही आहे ते प्रामुख्याने या मंडळाच्या परीक्षा. प्रारंभिक, प्रवेशिकेच्या दोन, मध्यमेच्या दोन, विशारदच्या दोन, अशा सात पायऱ्या. त्यापुढे अलंकार. अभ्यासक्रम ठरलेला, बाहेरचा परीक्षक येणार, प्रमाणपत्र मिळणार. काही जण खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाच्या किंवा प्रयाग संगीत समितीच्या परीक्षांना मुले बसवतात. या परीक्षांवर घराणेदार मंडळी नाके मुरडतात, आणि त्यांच्या तक्रारीत तथ्यही आहे. पाच तानांवर राग उरकायची सवय याच परीक्षांनी लावली. तरीही छोट्या गावात याच परीक्षांमुळे पालकांना शिकवणीचा हिशेब कळतो: पोरगी यंदा कुठवर आली, पुढच्या वर्षी कुठे जाईल. मंडळाचे 'संगीत कला विहार' हे मासिकही शिक्षकाच्या वाचनात असते. वरिष्ठ गुरू शेजारी नसताना तेवढाच संपर्क.

सरकारने या परीक्षांना अनपेक्षित बळ दिले ते दहावीच्या वाढीव गुणांनी. मान्यताप्राप्त संस्थेच्या शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या किमान तीन परीक्षा झाल्या तर दहा गुण, पाच झाल्या तर पंधरा. २०१७ च्या शासन निर्णयांनंतर तालुक्याच्या गावांत संगीत वर्गांकडे ओढा वाढला तो यामुळे, आणि माझ्या मते संगीत शिक्षकाच्या घरात सर्वांत जास्त पैसा पोहोचवणारी सरकारी गोष्ट हीच ठरली, जरी तिच्या कागदात शिक्षकाचा उल्लेख नसला. पण पाचवी परीक्षा म्हणजे मध्यमा पूर्ण. तिथवर मुले येतात आणि दहावीचा अर्ज भरला की पेटी बंद होते. विशारदची तयारी करायची ती नेमकी अकरावी-बारावीत, तेव्हा पोरगं नीटच्या नाहीतर जेईईच्या शिकवणीला अमरावतीत राहायला गेलेले असते. शिक्षकाला दरवर्षी नवी सुरुवात 'सा'पासून करावी लागते. ज्या वयात मुलाच्या गळ्याला काहीतरी देता आले असते, त्या वयाचे विद्यार्थी त्याच्याकडे उरत नाहीत.

आता थेट मदतीच्या योजना.

शिष्याच्या बाजूची जुनी आणि माझ्या मते सर्वांत शहाणी योजना दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना कलागुण शोध शिष्यवृत्ती मिळते: वर्षाला ३६०० रुपये आणि शिवाय गुरूला दिलेली प्रत्यक्ष फी, वर्षाला ९ हजारांपर्यंत. ही दुसरी रक्कम नीट पाहा. ती महिन्याला ७५० रुपये होते. म्हणजे दिल्लीतल्या एका कार्यालयाने शिकवणीची किंमत कमाल साडेसातशे धरली आहे, आणि वऱ्हाडातल्या कैक शिक्षकांची फी त्याहून कमी आहे. देशभरात निवड साडेसहाशेच्या आसपास मुलांची होते, स्पर्धा कडक असते, तरी शिक्षकाने दरवर्षी एक-दोन मुलांचे अर्ज भरायला हवेत. मुलाला मिळाले तर पुढची काही वर्षे तो वर्ग सोडत नाही आणि फी कापसाच्या भावावर लटकत नाही.

पुढची पायरी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या तरुण कलाकार शिष्यवृत्तीची. वय १८ ते २५, महिन्याला ५ हजार, दोन वर्षे. राज्यात पं. भीमसेन जोशींच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. इथपर्यंत शिष्य सांभाळला जातो, निदान कागदावर. त्यानंतर मंत्रालयाच्या फेलोशिप येतात: २५ ते ४० वयाला महिन्याला १० हजारांची कनिष्ठ आणि चाळिशीपुढे २० हजारांची वरिष्ठ. मधले वय इथे सापडते खरे. पण फेलोशिप संशोधनाच्या प्रकल्पाला असते. आराखडा लिहायचा, सहामाही अहवाल द्यायचे. संध्याकाळी तीन तुकड्या शिकवणाऱ्याने हे करू नये असे नाही, वऱ्हाडी भजनाच्या चालींवर आणि खंजिरीच्या ठेक्यांवर करण्यासारखे काम पडलेले आहे. मात्र ती शिकवण्यासाठीची मदत नव्हे.

नावावरून शिक्षकाची वाटणारी योजना म्हणजे गुरु-शिष्य परंपरेचे अनुदान. मंत्रालयाच्या योजनेत गुरूला महिन्याला १५ हजार आणि शिष्यांना वयाप्रमाणे २ ते १० हजार मिळतात, संगीतात एका गुरूमागे जास्तीत जास्त दहा शिष्य. वाचताना घरचा वर्गच डोळ्यांसमोर येतो. पण अनुदान मिळते ते नोंदणीकृत, प्रयोग करणाऱ्या संस्थेला. म्हणजे मास्तरांनी आधी सात माणसे जमवून संस्था नोंदवायची, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यायचे, दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यायचे. व्यवहारात काय होते सांगायला नको: बायको सचिव, मेहुणा कोषाध्यक्ष, आणि पहिल्या दोन वर्षांत अनुदानापेक्षा सनदी लेखापालाची फी जास्त. नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राकडेही, जे १९८६ पासून आहे, गुरु-शिष्य योजना आहे. तिथे गुरूला महिन्याला साडेसात हजार, साथीदाराला त्याच्या निम्मे आणि शिष्याला दीड हजार. तिचा भर दुर्मीळ होत चाललेल्या कलांवर. दंडारीसारख्या लोककलेचा जाणकार तिथे बसतो, बागेश्री शिकवणारा नाही. हे योग्यच आहे, पण त्यामुळे ख्याल-तबला शिकवणारा पुन्हा बाहेर राहतो.

राज्याचे मानधन हा या आढाव्यातला सर्वांत ओळखीचा भाग. वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठी १९५४-५५ पासून चालत आलेल्या योजनेला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन श्रेणींना ३१५०, २७०० आणि २२५० रुपये मिळत. २०२४ पासून सरसकट ५ हजार झाले. कलावंताच्या पश्चात पतीला किंवा पत्नीला ते पुढे मिळते, ही त्यातली चांगली तरतूद. वय पन्नास, जिल्ह्यातून वर्षाला शंभर निवडी, अर्ज पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे. उत्पन्नाची मर्यादा पूर्वी वर्षाला ४८ हजार, म्हणजे महिन्याला चार हजार होती. नंतर थोडी वाढली, तरी नेटाने शिकवणारा आणि फी वेळेवर घेणारा माणूस तिच्या बाहेर पडतो. आणि अर्जासोबत जोडायचे काय? कार्यक्रमांची पत्रके, वर्तमानपत्रातली कात्रणे, सन्मानपत्रे. कीर्तनकाराकडे, शाहिराकडे हे गाठोडे असते. ज्याने तीस वर्षे खोलीत बसून इतरांच्या पोरांना गाते केले, त्याचे कात्रण कोण छापणार? छापून येते ते पोरांचे.

मूर्तिजापूरला १९२० मध्ये जन्मलेले वसंतराव देशपांडे आपल्याला ठाऊक आहेत. नागपुरात ज्यांच्याकडे ते शिकले त्या शंकरराव सप्रे यांचे नाव किती जणांना आठवते? संगीतकार सी. रामचंद्रही त्यांच्याच श्रीराम संगीत विद्यालयात शिकले. दोन पार वेगळ्या गळ्यांना घडवणाऱ्या त्या मास्तरांचा उल्लेख शिष्यांच्या चरित्रांत एका ओळीपुरता येतो. वसंतरावांनी स्वतः कैक वर्षे लष्करी लेखा खात्यात नोकरी केली, हेही इथे नोंदवण्यासारखे. नियमित पगार गाण्यातून येत नव्हताच.

करोनाच्या काळात हीच गोष्ट उघडी पडली. वर्ग बंद, मोबाइलवर तबला शिकवणे म्हणजे आवाज एक मात्रा उशिरा पोहोचणार. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने ५६ हजार एकल कलाकारांना एकरकमी ५ हजार देण्याचे ठरवले. त्या यादीची कल्पना प्रयोगात्मक कलांवर जगणाऱ्यांची होती. वर्ग घेणारा त्यात कलाकार ठरतो की शिकवणीवाला, हे ज्याने त्याने आपापल्या तालुक्यात पटवून द्यायचे. २०२५ च्या गणेशोत्सवात राज्यातल्या १८०० भजनी मंडळांना साहित्य खरेदीसाठी प्रत्येकी २५ हजारांचे अनुदान जाहीर झाले. वऱ्हाडात ते नक्कीच उपयोगी. नवी पेटी मंडळाची झाली. ती वाजवायला शिकवणारा मात्र पूर्वीसारखाच मानधनाविना.

शाळांचे काय? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीला शंभरांवर मुले असतील तर कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा असे लिहिले आहे. महाराष्ट्रात कला शिक्षक म्हटले की चित्रकलेचा, आणि तोही कंत्राटावर. संगीताला जागा उरत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्थानिक कलावंतांना निदेशक म्हणून बोलवावे असे सुचवले आणि २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांत निवासी कलावंत नेमण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. धामणगावात से. फ. ला. हायस्कूल आहे, आदर्श महाविद्यालय आहे. अशा संस्थांनी आठवड्याला चार तासिका ठरलेल्या दराने स्थानिक शिक्षकाकडे दिल्या, तर स्नेहसंमेलनाच्या आधी पंधरा दिवस 'मास्तर, जरा बसवून द्या ना' म्हणून बोलावण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

सामाजिक सुरक्षेची बाजू थोडक्यात. ई-श्रम नोंदणी करता येते. चाळिशीच्या आत आणि महिना १५ हजारांच्या खाली कमाई असेल तर प्रधानमंत्री श्रमयोगी मानधनमध्ये ५५ ते २०० रुपये भरून साठीनंतर ३ हजारांचे निवृत्तिवेतन आहे. शिक्षकांनी हे करावे, फारसे कुणी करत नाही. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत वाद्ये बनवणारा-दुरुस्त करणारा नाही, याचे मात्र नवल वाटते. खेळणी बनवणारा आहे. आणि घरी वर्ग घेणाऱ्या कितीतरी बायकांच्या खात्यात २०२४ पासून सरकारचे दीड हजार येतात ते लाडकी बहीण म्हणून.

बाहेर पाहिले तर वेगळी रचना दिसते. अमेरिकेत संगीत शिक्षकांची राष्ट्रीय संघटना १८७६ पासून आहे, इंग्लंडमध्ये संगीतकारांची सोसायटी १८८२ पासून. अमेरिकी संघटनेचा निधी स्वतंत्र शिक्षकाला छोटी अनुदाने देतो, आणि त्यांतली एक स्वतः पुढे शिकण्यासाठी असते: कुणाकडे तरी धडे घ्यायला, कार्यशाळेला जायला. इंग्लंडची सोसायटी सभासदांना विमा, कायद्याचा सल्ला आणि फीच्या कराराचे नमुने पुरवते. आपल्या पालकांपुढे करार ठेवला तर उद्या वर्ग रिकामा होईल, ते राहू द्या. पण पहिली कल्पना उचलण्यासारखी आहे. बाविसाव्या वर्षी विशारद होऊन धामणगावात शिकवू लागलेल्या माणसाची स्वतःची तालीम त्या दिवशी थांबते. पुढची तीस वर्षे तो साठवलेल्यातूनच देत राहतो. नागपूर-अमरावतीला महिन्यातून दोनदा ज्येष्ठ गुरूकडे जायला प्रवास आणि गुरूची फी मिळाली, तर तो पैसा त्याच्या तीसही मुलांपर्यंत पोहोचेल. पंधरा हजारांच्या संस्था-अनुदानापेक्षा ही रक्कम कितीतरी लहान आहे आणि तिला अध्यक्ष-सचिव लागत नाहीत.

सरकारची वाट न पाहता करण्यासारखे काही आहे, ते पुलगाव ते बडनेरा पट्ट्यातल्या शिक्षकांनी एकत्र बसून. बारा महिन्यांची फी एकच ठरवावी, मे आणि जूनसह, म्हणजे एकाकडून उठून दुसऱ्याकडे स्वस्तात जाण्याची सोय राहणार नाही. तबल्याचा दुरुस्तीवाला वर्षातून दोनदा गावात बोलवावा. मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज एकमेकांना दाखवून भरावेत. आणि मानधनाच्या अर्जात एक नवा रकाना मागावा: किती विद्यार्थी कोणत्या परीक्षेपर्यंत नेले. त्याचा पुरावा कात्रणांहून पक्का आहे. परीक्षेच्या अर्जावर विद्यालयाचे नाव असते, केंद्रवार निकाल गांधर्व मंडळाकडे असतात, आणि समाजकल्याण विभागाने विचारले तर ते पाठवायला मंडळाला एका पत्राहून जास्त काही लागणार नाही.